माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश आणि परभाषेचें अध्ययन

कै. माधव त्र्यंबक पटवर्धन हे माधव जूलियन या नांवानें कवि म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. जुन्या कागदांच्या अभ्यासकांस मात्र त्यांचें स्मरण १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या फार्शी-मराठी कोशामुळें होतें. त्याची उपयुक्तता सर्वमान्य असल्यानें तिचा पुनरुच्चार येथें कर्तव्य नाहीं. हा कोश ज्या अध्ययनांतून निर्माण झाला तें अध्ययन आणि ग्रंथकारानें पुढें स्वीकारलेली भाषाशुद्धीची भूमिका यांचा मेळ कितपत बसतो, व हस्तलिखितें संग्रहीं ठेवणाऱ्या आपणां मंडळींस त्यापासून काय घेण्याजोगें आहे, एवढेंच पाहावयाचें आहे.

पटवर्धनांनीं फार्शीचें अध्ययन कॉलेजांत केलें व पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत तीच भाषा शिकविली. परभाषेचा रीतसर पाठ घेतलेल्या अध्यापकाचा हा कोश आहे, हें त्याचें बळ. 'छंदोरचने'बद्दल मुंबई विद्यापीठानें त्यांस १९३८ सालीं डी. लिट्. ही पदवी दिली. त्याच सालीं त्यांचा 'भाषाशुद्धिविवेक' बाहेर पडला. ज्यानें फार्शी शब्द वेंचून ठेवले, 'गज्जलांजलि' लिहून फार्शी वृत्तें मराठींत खेळविलीं, त्यानेंच परकीय शब्द मराठींतून काढून टाकावे असें प्रतिपादन करावें, हें कित्येकांस विसंगत वाटतें.

आमच्या मतें यांत विसंगति नाहीं. प्रश्न दोन आहेत. आपण कोणते शब्द लिहावे, हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक पिढीस आहे. पूर्वजांनीं कोणते शब्द लिहिले, हें मात्र कोणाच्याही इच्छेवर अवलंबून नाहीं. शिवकालीन राजव्यवहारकोशाचें उदाहरण पाहा. फार्शी संज्ञांच्या जागीं संस्कृत संज्ञा आणाव्या म्हणून तो रचला गेला. परंतु हकालपट्टीची ती यादीच आज त्या संज्ञांचा अर्थ लावण्याचें एक साधन होऊन बसली आहे. पेशवे आपल्या मुद्रेंत प्रधान म्हणवीत राहिले, आणि लोक त्यांस पेशवे म्हणत राहिले. संशोधकास दोन्ही शब्द हवे.

अडचण उत्पन्न होते ती शुद्धीच्या आग्रहानें तयार झालेला कान जुना कागद वाचूं लागला म्हणजे. 'समान सितैन मया व अलफ' असा काळ एका पत्रावर आहे असें धरूं. संस्कृताचा संस्कार असलेल्या वाचकास 'समान' म्हणजे तुल्य आणि 'मया' म्हणजे 'माझ्याकडून' असें वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. वस्तुतः हे अरबी संख्यावाचक शब्द होत : आठ, साठ, शंभर व हजार. सुहूर सन ११६८, म्हणजे इ. स. १७६७-६८. तसेंच 'सबा' म्हणजे सात व 'सबैन' म्हणजे सत्तर. एका प्रत्ययाकडे दुर्लक्ष झाल्यास पत्राचा काळच ढळतो. परका शब्द परका दिसला तर वाचक थांबून कोश पाहतो. ओळखीचा वेष घेऊन आला तर थांबत नाहीं, व तेथेंच फसतो.

आतां कोशाच्या मर्यादेकडे वळूं. सतराव्या शतकांतील पुष्कळ मराठी पत्रांच्या आरंभीं 'बजानेबु कारकुनानि हाल व इस्तकबाल' असा मायना येतो व त्याची समाप्ति 'बिदानंद' या पदानें होते. कोशांत 'कारकून' सांपडेल, 'हाल'ही सांपडेल. पण 'कारकुनानि' यांतील 'आन' हा अनेकवचनाचा प्रत्यय व त्यापुढील 'इ' ही जोडणी व्याकरणावांचून उलगडत नाहीं. 'वर्तमान व भावी कारकुनांप्रत' हा अर्थ एकेक शब्द जोडून लागावयाचा नाहीं. 'बिदानंद' यांत तर संस्कृतज्ञास 'आनंद'च दिसावयाचा! तें 'जाणावें' या अर्थाचें क्रियापद आहे. भाषाशास्त्राचा विद्यार्थी येथें आणखी एक गोष्ट दाखवील : 'दान' हा धातु संस्कृत 'ज्ञा' धातूचा सगोत्र असून, 'दानंद' व 'जानन्ति' यांतील अंत्य प्रत्यय मूळचे एकच आहेत. ज्याला आपण यवनी म्हणून दूर सारतों, तें आपल्याच गोत्रांतलें निघतें.

याच्या उलट, आजच्या इराणची फार्शी शिकल्यानेंही काम भागत नाहीं. तेथें आतां 'पेशवा' हा शब्द 'पीश्वा' असा उच्चारतात, व सिंहवाचक 'शेर' आणि दुग्धवाचक 'शीर' यांतील भेद उच्चारांत उरलेला नाहीं. मराठीनें मात्र 'शेरखान' व 'शिरखुर्मा' हे निराळे राखले आहेत. आपल्या शब्दांत जुना उच्चार टिकून आहे, हें ध्वनिविचार शिकल्यावांचून कळावें कसें? तसेंच फार्शी लिपींत निरनिराळ्या अक्षरांनीं लिहिलेले दृष्टिवाचक व भेटवाचक असे दोन शब्द मराठींत 'नजर' या एकाच रूपास आले; ते वेगळे करण्यास दोन्ही लिप्यांचें ज्ञान हवें.

हा प्रश्न आमच्या भागांत अधिक निकडीचा आहे. गारखेड्याहून शहरांत जातांना उस्मानपुरा, औरंगपुरा, बेगमपुरा हीं नांवें लागतात; प्रत्येकांत परकीय शब्दास संस्कृत 'पुर' जोडलेलें आहे. निजामाच्या दफ्तरांत १८८४ पर्यंत फार्शी व पुढें उर्दू चालली; १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. त्या शिक्षणांतून आलेल्या सेतुमाधवराव पगडींनीं भीमसेन सक्सेन्याची 'तारीखे दिलकुशा' मराठींत आणिली. १९४८ नंतर राज्य पालटलें व १९५८ सालीं येथें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. मातृभाषेस मान मिळाला तो योग्यच; पण जी पिढी फार्शी अक्षर सहज वाचीत असे ती मागें पडली, आणि घरोघरींचीं सनदापत्रें मात्र तशींच राहिलीं.

म्हणून आमची सूचना अशी. इतिहास किंवा मराठी घेऊन विद्यापीठांत जाणाऱ्यानें फार्शी केवळ शब्दसंग्रहापुरती न शिकतां व्याकरण व भाषाशास्त्र यांसह शिकावी, आणि विद्यापीठानें मोडी व फार्शी एकाच अभ्यासक्रमांत ठेवावी. संग्राहकांनींही एक पथ्य पाळावें : ज्या पत्रांत फार्शी व मोडी असे दोन्ही मजकूर असतील, त्यांची केवळ मोडी बाजू नकलून फार्शी बाजू सोडूं नये, व शंकास्पद शब्द सुधारून न लिहितां दिसेल तसा उतरून घ्यावा. पटवर्धनांचा कोश कोशाच्या जागीं उत्तम आहे. परंतु त्याच्या कर्त्यानें कोशापूर्वीं भाषा शिकली होती, हा क्रम आपण उलटा करूं नये.

गारखेडा, छत्रपति संभाजीनगर.
— एक निवृत्त शिक्षक