महानुभावीय सूत्रांतील कर्म व जीवाचें कर्तृत्व

जीव अनादि, त्याची अविद्या अनादि, कर्माचें फळ देवतांच्या हातीं आणि मोक्ष केवळ परमेश्वराच्या हातीं, ही महानुभावीय विचारशास्त्राची मांडणी वरवर वाचणारास असें वाटणें स्वाभाविक आहे कीं, येथें जीवाला स्वतःचें असें करण्यास कांहींच उरत नाहीं. हा पंथ दैववादी होय, हें अनुमान मग सहज निघतें. आमच्या मतें तें टिकणारें नाहीं.

प्रथम फलदात्याचा प्रश्न घेऊं. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायांत हाच वाद आहे. जैमिनि धर्मालाच फलदाता मानतो, बादरायण ईश्वराला. परंतु ईश्वर फलदाता मानला कीं त्याच्यावर वैषम्य व नैर्घृण्य ह्यांचा आरोप येतो, आणि त्याच्या परिहारार्थ जीवाच्या कर्माकडे बोट दाखवावें लागतें. महानुभावांनीं फलदानाची वांटणीच केली. स्वर्गनरकादि नाशवंत फळें देवतांनीं द्यावीं, मोक्ष परमेश्वरानें. देवतांचा अधिकारहि अखेर परमेश्वराधीनच असल्यामुळें आक्षेप समूळ जातो असें नव्हे. तथापि कर्माचा हिशेब व उद्धाराचें व्यसन हीं एकाच ठिकाणीं न ठेवण्याची ही योजना स्वतंत्र आहे, हें मान्य केलें पाहिजे.

आतां कर्तृत्व. जीव कर्ता नसेल तर शास्त्राच्या विधिनिषेधांस अर्थ उरत नाहीं, असा बादरायणाचा युक्तिवाद आहे. तोच येथें लावून पाहावा. केशिराजबासांनीं सिद्ध केलेल्या सूत्रपाठांत ‘विचार’ आहे तसा ‘आचार’हि आहे. स्वदेश व आप्तसंबंध सोडावे, अटन करावें, भिक्षेवर राहावें, नामस्मरण करावें, अशा आज्ञा ज्याला कांहींच करतां येत नाहीं त्याला कोण करील? जीव मोक्ष मिळवूं शकत नाहीं, पण योग्यता संपादूं शकतो. त्याचें स्वातंत्र्य एवढेंच, आणि तें थोडें नव्हे.

ह्या प्रश्नाचें ऐतिहासिक स्थान रिद्धपूर होय. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्यादि शिष्य येथें श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस आले. तोंवर सन्निधान होतें. सेवा हाच मार्ग होता. गोविंदप्रभूहि गेल्यावर असन्निधान आलें. ज्याच्या मुखाकडे पाहून चालावें तो अवतार डोळ्यांपुढें नाहीं, अशा वेळीं अनुसरण करणें वा न करणें हें ज्याच्या त्याच्या निश्चयावर आलें. म्हाइंभटांनीं लीळा जमविल्या, केशिराजबासांनीं त्यांतून सूत्रें निवडलीं, हा उद्योग दैववाद्यांचा खास नव्हे.

मग विपरीत ग्रह कां होतो? आमच्या समजुतीनें दोष वाचनपद्धतीचा आहे. सूत्रें निवडतांना मूळ प्रसंग गळाले. जीवाच्या असामर्थ्याचें वचन अभिमानी शिष्यास उद्देशून असूं शकेल, प्रयत्नाचें वचन आळशास उद्देशून; प्रसंग काढल्यावर दोन्हीं सिद्धांत म्हणून शेजारीं येतात व परस्परांशीं भांडतात. पंथीय पंडितांनीं हें ओळखलें होतें, म्हणूनच ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ झाला. डॉ. वि. भि. कोलते ह्यांची लीळाचरित्राची आवृत्ति १९७८ सालीं व डॉ. अॅन फेल्डहाउस ह्यांचा सूत्रपाठावरील ग्रंथ १९८३ सालीं निघाला. आतां सूत्र व लीळा समोरासमोर ठेवून न वाचण्यास सबब उरलेली नाहीं.

पोथीसंग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, सूत्रपाठाची पोथी सुबक म्हणून जपावी आणि प्रकरणवशाचीं सुटीं पानें किरकोळ म्हणून बाजूस टाकावीं, असें होऊं देऊं नये. रिद्धपुरास २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठाचें कार्य सुरू झालें आहे. तेथें ह्या दोन्हींची तुलना व्हावी. प्रसंगावांचून सूत्र हातीं आलें, तर जीवाच्या कर्तृत्वाविषयींचा हा निर्णय पुनः कल्पनेवरच सोपवावा लागेल.