विहारातून निवाऱ्याकडे : बारड डोंगरावरील लेण्यांच्या वास्तुरूपाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, बोर्डीच्या पूर्वेस सुमारे ८ किलोमीटर अंतरावर बारडचा डोंगर आहे. पारशी परंपरेत तो ‘बहरोत’ या नावाने ओळखला जातो. सुमारे १५०० फूट उंचीच्या या डोंगरावर लेणी आहेत. ती बौद्ध भिक्षूंनी खोदली आणि संजाणच्या पाडावानंतर पारशी समाजाने ‘इराणशाह’ या पवित्र अग्नीसह तेथे आश्रय घेतला, असे त्यांच्याविषयी सर्वसाधारणपणे सांगितले जाते. या एका वाक्यात वस्तुतः दोन विधाने आहेत. पहिले वास्तूच्या निर्मितीविषयीचे, तर दुसरे तिच्या वापराविषयीचे. दोहोंचा पुरावा एकाच जातीचा नसताना ती एका दमात उच्चारली जातात. प्रस्तुत लेखात या दोन विधानांचा स्वतंत्रपणे विचार करून, भिक्षुनिवासाचे आश्रितांच्या घरात रूपांतर झाले म्हणजे वास्तुदृष्ट्या नेमके काय झाले, याची चर्चा केली आहे.

साधनांची चिकित्सा

वापराविषयीचा मुख्य आधार म्हणजे ‘किस्सा-ए-संजाण’ हे फारसी काव्य. नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने ते १५९९ मध्ये रचले. सुलतान महमूदाचा सरदार अलफखान याने संजाण जिंकल्यावर पारशी लोक बहरोतच्या डोंगरात गेले, तेथे १२ वर्षे राहिले, पुढे वांसद्यास १४ वर्षे काढून अग्नी नवसारीस आणला गेला, असा त्यातील क्रम आहे. या घटनेचे वर्ष पुष्कळ ठिकाणी १३९३ असे दिले जाते आणि अलफखानास मुहम्मद बिन तुघलकाचा सरदार म्हटले जाते. तथापि हा तुघलक सुलतान १३५१ मध्येच मरण पावला होता. त्यामुळे ही जोडणी टिकत नाही. काव्यातील महमूद म्हणजे गुजरातचा महमूद बेगडा (कारकीर्द १४५८ ते १५११) असे मानल्यास घटना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येते आणि हे मत अधिक सुसंगत वाटते. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कवीचे लक्ष अग्नीच्या प्रवासावर आहे, वास्तूच्या वर्णनावर नाही. म्हणून निवासाचे स्वरूप जाणण्यासाठी काव्याकडून खडकाकडे वळावे लागते.

निर्मितीविषयीच्या विधानास असा लिखित आधारही मिळत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील खोदीव लेणे दिसले की ते बौद्ध मानण्याची सवय अभ्यासकांत व सामान्यांत सारखीच आहे. परंतु स्तूप, चैत्यगृह वा लेख यांच्या साहाय्यावाचून, केवळ खोदकामाच्या साधेपणावरून संप्रदाय ठरविणे धोक्याचे आहे. बौद्ध उगम ही संभाव्य परंपरा आहे, सिद्ध निष्कर्ष नव्हे.

भिक्षुनिवासाची रचना

ही परंपरा गृहीत धरली तरी प्रश्न उरतो, तो असा की भिक्षूंचे निवासस्थान कुटुंबांच्या निवाऱ्यास कितपत सोयीचे ठरते? कान्हेरीचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. तेथील शंभराहून अधिक लेण्यांपैकी अनेक अगदी साधी आहेत. पुढे ओसरी, आत एखादी खोली, भिंतीलगत दगडी बाक आणि बाहेर पाण्याचे टाके. पावसाळ्यातील वर्षावासासाठी ही रचना पुरेशी होती. वस्तीपासून दूर, पण जवळच साठविलेले पाणी असलेली जागा भिक्षूस एकांतासाठी हवी असे आणि आश्रितास संरक्षणासाठी. हेतू भिन्न, गरज मात्र एकच. येथेच रूपांतराचे रहस्य आहे.

पारशी समाजास अशा लेण्यांचा परिचय नव्हता असेही म्हणता येत नाही. कान्हेरीस भेट देणाऱ्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरलेले लेख तेथे आहेत. त्यांतील दोन १००९ मधील, तर एक १०२१ मधील आहे. म्हणजे संजाणच्या पाडावापूर्वी काही शतके कोकणातील शैलगृहे या समाजाने पाहिली होती. बहरोतची निवड यामुळेच झाली असे सिद्ध होत नाही. पण ती केवळ योगायोगाची मानण्याचेही कारण राहत नाही.

अग्नीचे घर

आश्रितांपेक्षा अग्नीच्या गरजा अधिक काटेकोर होत्या. पवित्र अग्नीवर सूर्यप्रकाश पडू नये, त्याची खोली उपासकांच्या जागेपासून वेगळी असावी, दिवसाच्या पाचही गाहांत त्यास इंधन अर्पण व्हावे, असा दंडक आहे. खडकातील आतली अंधारी खोली पहिल्या दोन अटी सहज पूर्ण करते. बांधीव अग्यारीत जे भिंती उभारून साधावे लागते, ते येथे खोलीच्या खोलपणानेच साधते. अडचण येते ती धुराची. बांधीव वास्तूत छतातून वाट काढता येते. डोंगराच्या पोटात धुरास बहुधा तोंडाकडूनच बाहेर पडावे लागते. भिक्षूस सोयीची असलेली बंदिस्त जागा अखंड अग्नीच्या सान्निध्यात राहणाऱ्यांस कष्टाची झाली असणार. इंधन वर वाहून आणणे हेही नित्याचेच काम होते.

रूपांतराचे दोन प्रकार

बोरिवलीच्या मंडपेश्वर येथे याहून वेगळा प्रकार दिसतो. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मप्रचारकांनी तेथील शैव लेण्याचे चर्च केले आणि वरच्या बाजूस मठाची इमारत उभारली. तेथे नव्या वापराने जुन्यावर बांधकामाची मोहोर उमटविली. बहरोतचे वैशिष्ट्य याच्या उलट आहे. परतण्याच्या आशेने राहिलेल्यांना वास्तू आपलीशी करून दाखविण्याचे प्रयोजन नव्हते. तेथे घर झाले ते वापराने, बांधकामाने नव्हे. म्हणूनच बारा वर्षांच्या वास्तव्याची खूण शोधणाऱ्यास कोरीव कामापेक्षा पाण्याची सोय, चढण्याची वाट, प्रकाश व धूर यांचा विचार अधिक उपयोगी पडतो.

समारोप

इराणशाह १७४२ पासून उदवाड्यास आहे. डोंगरावरची लेणी मात्र दोन स्मृतींच्या मध्ये उभी आहेत. त्यांस केवळ ‘बौद्ध’ म्हटल्यास आश्रितांचे घर पुसले जाते. केवळ ‘पारशी’ म्हटल्यास खडक खोदणारे हात विस्मरणात जातात. निर्मात्याच्या नावावरून वास्तूची ओळख ठरविणारी प्रचलित पद्धत येथे अपुरी पडते. वास्तूचा इतिहास म्हणजे ती उभारणाऱ्यांचा आणि तिच्यात राहिलेल्यांचा मिळून झालेला इतिहास होय. त्या दृष्टीने या लेण्यांचे सविस्तर मापन व आलेखन होणे अगत्याचे आहे आणि हे काम डहाणू–तलासरी परिसरातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.