किरणांची किंमत

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर छापलेल्या प्रत्येक सोयीचे पैसे मोजावे लागतात. खेळताना ती उपयोगी पडेलच असं नाही. बपेऱ्यासारख्या, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या गावात बेताच्या पैशांत कॉम्प्युटर जुळवणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

सप्टेंबर २०१८मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स २० मालिका आली. प्रकाशाचा किरण कुठे आदळतो, कसा परततो, याचं गणित खेळ चालू असतानाच मांडणारं रे ट्रेसिंग तिच्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर आलं. तेव्हापासून देखणा गेम म्हणजे महागडं कार्ड, असा समज पक्का झाला. तो खोडून काढणारा पुरावा पुण्यातच आहे.

नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ ऑगस्ट २०२०मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला. स्विचमधली टेग्रा एक्स१ ही चिप २०१५च्या पिढीची. तिला रे ट्रेसिंग ठाऊकच नाही. तरीही राजीतले हाताने रंगवलेले महाल आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा मनात घर करते. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचे चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातली ताकद लगेच उमगेल. तिथे एक दिवा आणि एक पडदा असतो. सावली कुठे, केवढी पडावी हे माणूस ठरवतो. राजीचं सौंदर्यही अशा निवडींतून आलेलं आहे.

उलट, ‘सायबरपंक २०७७’मध्ये एप्रिल २०२३पासून आलेलं पाथ ट्रेसिंग, म्हणजे रे ट्रेसिंगचंच अधिक सखोल रूप, ओल्या रस्त्यांवरचे रंगीत दिवे खरोखर जिवंत करतं, तिथे कार्डाचं श्रेय नाकारणं अन्याय होईल. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्याला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला समोरचा शत्रू क्षणभर आधी दिसायला हवा.

एक बदल मात्र मला खुपतो. डिसेंबर २०२४च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ने रे ट्रेसिंगची क्षमता सक्तीची केली. २०१७चं जीटीएक्स १०८० टीआय, ११ जीबी मेमरी असूनही, अपात्र ठरलं. निर्मात्यांची अडचण खरी आहे : रे ट्रेसिंगऐवजी प्रकाश आधीच मोजून ठेवायचा तर देखाव्यातल्या प्रत्येक बदलानंतर तासन्‌तास वाट पाहावी लागते. पण त्यांच्या वाचलेल्या वेळाचा खर्च खेळणाऱ्याच्या खिशावर पडतो.

म्हणून आजची सगळ्यांत मोलाची सोय मला अपस्केलिंग वाटते. कमी पिक्सेलांत चित्र काढून ते मोठं करायचं, की कार्डावरचा भार हलका होतो. एनव्हिडियाचं डीएलएसएस आरटीएक्स कार्डांपुरतंच आहे. एएमडीने जून २०२१मध्ये आणलेलं एफएसआर जीटीएक्स १६५०लाही चालतं. फ्रेम जनरेशनवर मात्र भाळू नये. मुळात सेकंदाला २५ फ्रेम निघत असतील, तर मधल्या बनावट फ्रेमांनी चित्र गुळगुळीत दिसेल, पण माउसला मिळणारा प्रतिसाद मंदच राहील. जुनं कार्ड असेल तर आधी एफएसआर लावून पाहावं. नवं घ्यायचंच असेल तर निदान ८ जीबी मेमरीचं, रे ट्रेसिंग पेलणारं घ्यावं, आणि त्यापुढचे पैसे गेमांसाठी राखावेत.