कौतुकाची नजर

‘दृष्ट लागण्यासारखे’ हे आपल्या मराठीतले कौतुकाचे टोक. ह्या एका शब्दप्रयोगात स्तुती आणि भीती शेजारी शेजारी नांदतात. ही जोडी इस्लामी परंपरेतल्या एका छोट्या कथेत जितकी ठसठशीत दिसते, तितकी मला इतरत्र क्वचितच आढळली. इमाम मालिक (मृत्यू इ. स. 795) यांच्या ‘मुवत्ता’ ह्या हदीससंग्रहात ती आहे.

सहल बिन हुनैफ अंगरखा उतरवून स्नान करीत होते. आमिर बिन रबीआ यांची दृष्टी त्यांच्या गोऱ्यापान अंगावर गेली आणि अशी कांती आजवर पाहिली नाही, असे उद्गार सहज तोंडून निघाले. सहल जागच्या जागी आजारी पडले. पैगंबरांना वर्दी गेली. त्यांनी आमिर यांना खडसावले, की भावाच्या जिवावर का उठता, बरकतीचा शब्द का उच्चारला नाही? मग आमिर यांनी तोंड, हातपाय धुतले. ते पाणी सहल यांच्यावर ओतले गेले आणि ते बरे होऊन सर्वांबरोबर चालू लागले.

ह्या कथेत खलनायक नाही, हेच मला तिचे मोठेपण वाटते. कुराणाच्या 113 व्या सूरेत मत्सर करणाऱ्यापासून आश्रय मागितला आहे. येथे मत्सराचा शब्दही येत नाही. आमिर हे सहल यांचे सोबतीच. सौंदर्य पाहताना देणाऱ्याचे स्मरण राहिले नाही, एवढीच त्यांची चूक. मुसलमान घरांत बाळाचे कौतुक करताना ‘माशाअल्ला’ म्हणतात, त्यामागची भावना हीच. आपण मीठमोहऱ्या ओवाळतो, तेव्हा नजर कोणाची हे कळले नाही तरी भागते. येथे मात्र ज्याची नजर, त्याच्याच हातचे पाणी औषध ठरते. दोघे समोरासमोर येतात आणि किल्मिष तिथेच धुतले जाते.

भाष्यकारांच्या हाती ही गोष्ट अधिक कठोर झाली. नववी (मृत्यू 1277) यांनी काही विद्वानांचे मत नोंदवले आहे, की ज्याची नजर लागते असा बोभाटा झाला, त्याला लोकांत मिसळू देऊ नये, घरी बसवावे. गरीब असेल तर पोटापुरते द्यावे. पोटाची आठवण ठेवणारे मन दयाळू खरे, पण त्या दयेतही माणूस कोंडलेलाच राहतो. इब्न खल्दून यांचा 1377 सालचा ‘मुकद्दिमा’ मला अधिक न्यायी वाटतो. जादूने मारणाऱ्याला देहदंड, नजरेने मारणाऱ्याला नाही, असे ते सांगतात; कारण नजर माणसाच्या इच्छेने लागत नाही.

नजर लागते, हे मला पटत नाही. पण संशयाने माणसे दुरावतात, हे रोज दिसते. बारशाला, डोहाळजेवणाला मूल नसलेल्या बाईला मागे ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. त्यांनी ही कथा एकदा वाचावी. तिच्यात आमिर यांना कोणी दूर केले नाही, जवळ बोलावले.