द्वेष की तुच्छता?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. फळ्यावर 'लव्ह' लिहून विरुद्धार्थी शब्द विचारला की सारा वर्ग एका आवाजात 'हेट' म्हणतो. कोशही तेच सांगतो. परंतु परवा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, विटाळ धरण्याला इंग्रजीत काय म्हणायचं?" मला एका शब्दात उत्तर देता आले नाही.

तसे इंग्रजीत प्रेमाच्या विरुद्ध बाजूला शब्दांची वाण नाही. 'अ‍ॅभॉर'च्या लॅटिन मुळात शहारून मागे सरणे आहे, 'डिस्पाइज'च्या मुळात वरून खाली पाहणे. आपला 'तिरस्कार' म्हणजे मुळात आड करणे, दृष्टीआड करणे. आणि 'घृणा'? संस्कृतात या शब्दाला करुणा हाही अर्थ होता आणि किळस हाही. मराठीत करुणा गळाली, किळस तेवढी उरली!

द्वेष करायचा तर समोरच्याला निदान माणूस मानावे लागते. माझी माय पाणवठ्याची आठवण सांगते, "राग नव्हता रे बाबा कोनाचा. पानी मातर वरूनच टाकत ओंजळीत." 'डिस्पाइज'चा याहून अचूक अर्थ मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही.

बाबासाहेबांनी हा फरक नेमका ओळखला होता. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचे एक मूळ शोधताना त्यांनी बौद्धांविषयीच्या 'कन्टेम्प्ट'वर, म्हणजे तुच्छतेवर, बोट ठेवले.

दलित साहित्याला 'द्वेषाचे साहित्य' म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला नाही. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा पाहा. त्याच नावाचा संग्रह १९६३ साली आला. कालपर्यंत नायकाला मान देणारे सहकारी जात कळताच त्याच्यावर हात उचलतात. एका रात्रीत त्याने काय गुन्हा केला? काहीच नाही. त्यांच्या लेखी तो फक्त खाली गेला. आणि नायक? मार खाऊनही दोष तो त्या माणसांना देत नाही, मनूला देतो. हा द्वेष आहे काय?

आमच्या शब्दांत संताप आहे, आणि तो राहणार. परंतु समोरच्याला माणूस मानल्याशिवाय त्याला जाब विचारता येत नाही. एवढी माणुसकी आमच्या ओंजळीत पाणी टाकणाऱ्यांनी आम्हांला दाखविली नव्हती.