त्रिकोणाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही

बेसॉल्टचं विश्लेषण हातात आलं की आपल्यापैकी बहुतेकजण एकच गोष्ट करतात. टायटॅनियम, झिर्कोनियम आणि यट्रियमचा त्रिकोण काढायचा, त्यावर ठिपके टाकायचे आणि ठिपका ज्या खणात पडला त्याचं नाव प्रबंधात लिहून मोकळं व्हायचं. मीही हेच केलंय. म्हणून आज त्या त्रिकोणाचा मूळ पेपर नीट वाचूया: ज्युलियन पिअर्स आणि जो कॅन, १९७३.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. जुने लाव्हा खडक पाण्याने, उष्णतेने बदललेले असतात. सोडियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम हलतात, त्यामुळे त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. टायटॅनियम, झिर्कोनियम, यट्रियम मात्र बऱ्यापैकी जागेवर राहतात. लेखकांनी जिथली भूपट्टांची स्थिती आधीच माहीत होती अशा ठिकाणच्या दोनशेहून जास्त बेसॉल्टची विश्लेषणं घेतली आणि प्रत्येक गट कुठे पडतो ते पाहिलं. बदललेल्या खडकातून हरवलेल्या महासागराचा माग काढायची ही कल्पना खरोखर मोठी होती.

आता पेपरमधला आपण वगळतो तो भाग. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची बेरीज १२ ते २० टक्के असलेलेच नमुने घ्या, असं ते सांगतात. त्रिकोण ही फक्त पहिली पायरी आहे, तिथे भूपट्टाच्या आतले बेसॉल्ट वेगळे काढायचे. 'ब' खणात मध्यसागरी पर्वतरांगेचे आणि द्वीपमालेचे बेसॉल्ट एकत्रच पडतात, ते वेगळे करायला दुसरी आकृती लागते. म्हणजे लेखक सावध होते. आपण आकृती फाडून घेतली आणि अटी तिथेच ठेवल्या.

पण सगळा दोष आपल्यावर ढकलून चालणार नाही. खणांच्या सीमा नजरेने आखलेल्या आहेत, त्यामुळे सीमेजवळचा ठिपका किती खात्रीचा हे कळत नाही. आणि माझ्या मते त्याहून मोठी अडचण अशी की या आकृतीत 'सांगता येत नाही' असा खणच नाही. खणात पडलेल्या प्रत्येक ठिपक्याला एक नाव मिळतंच.

याची परीक्षा कशी घ्यायची? उत्तर आधीच माहीत असलेला खडक घ्यायचा. वांग आणि ग्लोव्हर यांनी १९९२ मध्ये पूर्व उत्तर अमेरिकेतल्या जुरासिक बेसॉल्टवर हेच केलं. ते खंड फाटताना आलेले खडक, तरी नेहमीच्या आकृत्या त्यांना वेगळ्याच ठिकाणचे ठरवत होत्या.

आपल्याकडे तर अख्खा सह्याद्री आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा इथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात नव्हता. माझ्या पहिल्या वर्षी सरांनी प्रकाशित विश्लेषणांचा एक तक्ता दिला. खडकांची नावं झाकलेली होती. मी पिअर्स यांचीच २००८ ची थोरियम-नायोबियम आकृती वापरली. एक गट मध्यसागरी आणि महासागरी बेटांच्या पट्ट्यात बसला, दुसरा स्पष्ट वर गेला. मी ठणकावून सांगितलं, "सर, हा दुसरा सबडक्शनचा." सरांनी कागद उलटला. पहिला गट आंबेनळी, दुसरा बुशे. दोन्ही दख्खनचेच!

असं का झालं? बुशेच्या मॅग्माने वर येताना खंडाचं जुनं कवच खाल्लंय. त्याचं स्ट्रॉन्शियम आयसोटोप गुणोत्तर काही नमुन्यांत ०.७१५ ओलांडतं, आंबेनळीचं ०.७०४ च्या आसपास असतं. खंडाच्या कवचात थोरियम भरपूर आणि नायोबियम त्या मानाने कमी, अगदी द्वीपमालेच्या लाव्हासारखं. कवच मिसळलं की तीच सही उमटते. आणि ही शक्यता पिअर्स यांनी त्याच पेपरमध्ये लिहिलेली आहे. मी ती वाचली नव्हती.

माझी चूक पाच मिनिटांत उघडी पडली, कारण कागदाच्या पाठीमागे उत्तर होतं. धारवाडच्या अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या ग्रीनस्टोन पट्ट्यांच्या बाबतीत असा कागद नाही. तिथे 'सबडक्शनची सही' दिसली की भूपट्टांची हालचाल तेव्हा सुरू झाली होती, असा निष्कर्ष निघतो. पृथ्वीच्या इतिहासाचं एक अख्खं प्रकरण अशा ठिपक्यांवर उभं राहू शकतं.

म्हणून तुमच्यासाठी एवढंच. खडकाचं रसायन स्थळाचा पत्ता सांगत नाही. काय वितळलं, किती वितळलं आणि वाटेत काय मिसळलं, हे ते सांगतं. पत्ता हा आपला अंदाज. तो लिहिण्याआधी आयसोटोप बघा, शेजारचे गाळाचे खडक बघा, फील्डमध्ये लाव्हा कशावर बसलाय ते बघा. आकृती वापरायची तर तिचा मूळ पेपर अटींसकट वाचा. आणि पुरावा अपुरा असेल तर प्रबंधात तसं सरळ लिहा. 'माहीत नाही' हे त्रिकोणाला म्हणता येत नाही, आपल्याला येतं.