कोयना-वारणा भूकंप संशोधन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
विज्ञानातील अद्ययावत संशोधन म्हटले की परदेशी प्रयोगशाळांचा विचार प्रथम मनात येतो. तथापि, जलाशय आणि भूकंप यांच्या परस्परसंबंधाच्या अभ्यासात सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागास जागतिक महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाच्या उपलब्धींची व मर्यादांची चिकित्सा केली आहे.

संशोधनाची वाटचाल :
पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि परिसरात धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 6.3 तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे 180 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली. शिराळा तालुक्यातील चांदोली येथील वारणा जलाशय 1985 पासून भरू लागल्यानंतर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. डॉ. हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याची पातळी, जलाशय भरण्याचा वेग आणि धक्क्यांची वारंवारता यांतील संबंध दीर्घकालीन नोंदींच्या आधारे मांडला. कराड येथील भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या प्रकल्पात 2017 मध्ये गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखालील प्राचीन ग्रॅनाइटी खडकाचा प्रत्यक्ष अभ्यास त्यामुळे शक्य झाला.

चिकित्सा :
या संशोधनाची खरी उपलब्धी कार्यकारणभावाच्या स्पष्टीकरणात आहे. पाण्याच्या भाराने नवा प्रस्तरभंग निर्माण होत नाही. मुळातच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगात पाणी झिरपते, छिद्रदाब वाढतो, घर्षण घटते आणि साठलेला ताण मुक्त होतो. म्हणजेच धरण हे निमित्तकारण ठरते. ‘धरणामुळेच भूकंप होतो’ आणि ‘धरणाचा काहीही संबंध नाही’ ही दोन्ही टोकाची मते म्हणूनच अग्राह्य आहेत. मराठी लेखनात मात्र ‘प्रेरित’ ही एकच संज्ञा दोन्ही अर्थांनी सैलपणे वापरली जाते.

पूर्वानुमानाच्या दाव्यांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. मध्यम तीव्रतेच्या काही धक्क्यांचे अल्पकालीन पूर्वानुमान खरे ठरल्याची नोंद आहे. परंतु खरी ठरलेली अनुमाने चुकलेल्या अनुमानांसह तपासली तरच पद्धतीची विश्वसनीयता सिद्ध होते.

लहान धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते, म्हणून मोठा धोका टळतो, हा लोकप्रिय युक्तिवादही तपासावा लागतो. तीव्रता दोन अंकांनी वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे 1000 पट होते. 6.3 तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मुक्त होण्यास 4.3 तीव्रतेचे सुमारे 1000 धक्के लागतील. अशा दिलाशापेक्षा भूकंपरोधक घरे अधिक महत्त्वाची आहेत.

निष्कर्ष :
कोयना-वारणा संशोधनाने विज्ञानात मोलाची भर घातली आहे. परंतु त्याचे निष्कर्ष प्रामुख्याने इंग्रजी शोधनिबंधांत आहेत आणि धक्के सोसणारा समाज मराठी भाषक आहे. ही दरी कायम राहिल्यास ज्ञान वाढूनही भूमीवरील धोका कमी होणार नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल, भौतिकशास्त्र व मराठी विभागांनी काटेकोर परिभाषा घडवून हे ज्ञान गावपातळीपर्यंत पोहोचविणे, हे या संशोधनाचे अपूर्ण राहिलेले कार्य होय.